मुंबई ते न्यूयॉर्क: किलोमीटर सोडा, तास मोजा

तिकीट आलं की घरातलं कोणीतरी चष्मा लावून मोठ्याने वाचतं: मुंबईहून सुटणार रात्री १.३०, न्यूयॉर्कला पोचणार सकाळी ८.००, तारीख तीच. म्हणजे साडेसहा तासांत अमेरिका? पुण्याहून नागपूरला रेल्वेने जायचं तर याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. मग भाचा सांगतो, "छे, सोळा तास लागतात." आणि नुकत्याच जाऊन आलेल्या शेजारच्या काकू म्हणतात, "आमचे तर तीस तास गेले हो." तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी मोजल्या, एवढाच फरक. तिकिटावर घड्याळातलं अंतर दिसतं, भाच्याने विमानातला वेळ सांगितला आणि काकूंनी स्वतःच्या दारापासून लेकीच्या दारापर्यंतचा.

पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी हे लिहितो आहे: मुलाकडे-मुलीकडे जाणारे आईवडील, पहिल्या सत्राला निघालेले विद्यार्थी, आणि त्यांची तिकिटं काढून देणारी घरातली जाणती मंडळी. उदाहरण मुंबई–न्यूयॉर्कचं घेतलंय, कारण न्यूयॉर्क आणि शेजारच्या न्यू जर्सीत आपली माणसं बरीच आहेत. रीत मात्र कुठल्याही दोन लांबच्या शहरांना चालेल. माझं मत आधीच सांगून टाकतो. या सगळ्या हिशोबात अंतर हा सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा आहे. तरी सुरुवात तिथूनच करू, कारण लोक पहिल्यांदा तेच विचारतात.

पायरी १: अंतर काढा, पण भिंतीवरच्या नकाशावरून नको

शाळेतल्यासारखा जगाचा नकाशा भिंतीवर असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये पट्टी ठेवून पाहा. रेघ अरबस्तानावरून, उत्तर आफ्रिकेवरून जाते आणि अटलांटिक ओलांडते. या रेघेवरून कोणी खरंच गेलं, तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतील. विमान असं जात नाही. सपाट नकाशा ध्रुवांकडचा भाग ताणून दाखवतो, त्यामुळे त्यावरची सरळ रेघ हा जवळचा रस्ता नसतो.

आता पृथ्वीचा गोल घ्या आणि एक दोरा. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरून दोरा ताणा. तो आपोआप वर, उत्तरेकडे सरकतो. कच्छच्या रणाजवळून पाकिस्तान, मग अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, सेंट पीटर्सबर्गच्या आसपासचा रशिया, नॉर्वेतलं ट्राँडहाइम, आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडातलं लॅब्राडोर आणि तिथून खाली न्यूयॉर्क. आपण जिथे कधी उतरणार नाही अशी निम्मी पृथ्वी या दोऱ्याखाली येते. हे अंतर भरतं सुमारे १२,५३० किलोमीटर. नकाशावरच्या रेघेपेक्षा साडेसोळाशे किलोमीटर कमी.

इंटरनेटवर अंतर शोधलं की हाच आकडा येतो, कधी मैलांत म्हणजे सुमारे ७,७९०, कधी नॉटिकल मैलांत म्हणजे सुमारे ६,७७०. एकक बघितल्याशिवाय दोन संकेतस्थळांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ धरला की न्यू जर्सीतला नेवार्क, याने अंतरात पडणारा फरक इतका किरकोळ आहे की तो विसरलात तरी चालेल. घरी पोचण्याच्या वेळेत मात्र पडतो, त्याबद्दल पुढे.

हे झालं दोऱ्याचं अंतर. खरं विमान दोऱ्यावरून क्वचितच जातं, कारण आकाशालाही हद्दी असतात. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर रशियाने अमेरिकी आणि युरोपीय विमानकंपन्यांना आपल्या आकाशातून मनाई केली. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानकंपन्यांना केली. २०१९ मध्येही बालाकोटनंतर तिथलं आकाश काही महिने बंद होतं. म्हणजे एकाच दिवशी, त्याच दोन शहरांमध्ये, दोन कंपन्यांची विमानं वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात आणि त्यांच्या वेळेत तासाभराचा फरक पडू शकतो. आखातात काही पेटलं की तिसरीच वाट. तेव्हा "गेल्या वर्षी एवढे तास लागले होते" हा पुरावा धरू नका. तुमच्या तारखेचं वेळापत्रक बघा.

पायरी २: किलोमीटरचे तास करा

या मार्गावरची मोठी विमानं वर गेल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात. १२,५३० ला ९०० ने भागलं की जेमतेम चौदा तास येतात. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं, पुन्हा गेटपर्यंत येणं यांचा अर्धा-पाऊण तास मिळवा. विमानकंपनी जो वेळ छापते तो गेट सोडल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा असतो, नुसता हवेतला नाही.

मग सोळा तास कुठून आले? थोडे वळसा घेतल्याने आणि बाकीचे वाऱ्याने. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमकी विमानं उडतात तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. यांनाच जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते अधिक जोर धरतात. न्यूयॉर्कला जाताना वारा तोंडावर येतो, परत येताना पाठीशी असतो. पूर्ण प्रवासात सरासरी ५० किलोमीटरचा वारा समोरून आला तरी ९०० चे ८५० होतात आणि पाऊण तास वाढतो. म्हणून जाताना साडेपंधरा ते साडेसोळा आणि येताना चौदा ते साडेचौदा तास, असा थेट विमानाचा ढोबळ हिशोब धरा. समोरच्या पडद्यावर जमिनीच्या हिशोबाने वेग दाखवतात, तो जाताना ८०० आणि येताना हजाराच्या वर दिसला तर पायलट बदलला असं समजू नका.

किलोमीटर जास्त म्हणजे वेळ जास्त, हे गणित तर कधी कधी उलटंच होतं. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं, पण वारा पाठीशी आला आणि प्रवास साडेचौदा तासांच्या आसपास उरकला. एवढं कळलं की अंतराचा आकडा पाठ करायची गरज उरत नाही.

पायरी ३: दोन घड्याळं एकाच टेबलावर ठेवा

सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. निघण्याची वेळ मुंबईची, पोचण्याची न्यूयॉर्कची. याला अपवाद नाही. मधे दुबईत थांबा असेल तर तिथल्या वेळा दुबईच्या.

भारताचं घड्याळ वर्षभर एकच असतं. न्यूयॉर्कचं नसतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते तासभर पुढे सरकवतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. त्यामुळे उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे. आपल्या बाजूला अर्धा तास का लटकतो? कारण आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरून ठरली आहे आणि ती ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. बेरीज-वजाबाकी करताना लोक हा अर्धा तासच हमखास विसरतात.

आता सूत्र. अमेरिकेला जाताना तिकिटावरच्या दोन वेळांमधलं अंतर घ्या आणि त्यात साडेनऊ मिळवा, हिवाळा असेल तर साडेदहा. परत येताना तेवढेच वजा करा. बस.

वरचंच तिकीट घेऊ, तारीख १५ जुलै. रात्री १.३० ते सकाळी ८.०० म्हणजे साडेसहा तास. अधिक साडेनऊ, झाले सोळा. पडताळा हवा असेल तर उलटं करा: मुंबईच्या घड्याळाने १.३० नंतर सोळा तासांनी संध्याकाळचे ५.३० वाजतील, त्यातून साडेनऊ वजा केले की सकाळचे आठ. हेच विमान जानेवारीत तितक्याच तासांत गेलं तर सकाळी सातलाच पोचेल. वेग वाढलेला नसतो, न्यूयॉर्कने घड्याळ मागे घेतलेलं असतं.

परतीचं बघा. न्यूयॉर्कहून १० ऑगस्टला सकाळी ११.३० ला निघून मुंबईला ११ ऑगस्टला सकाळी ११.३० ला पोचणार. तिकिटावर चोवीस तास दिसतात आणि ज्येष्ठ मंडळी घाबरतात. चोवीस वजा साडेनऊ, साडेचौदा तास. काही संकेतस्थळं पोचण्याच्या वेळेपुढे बारीक अक्षरात "+१" छापतात. त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी. थांबे असलेल्या प्रवासात "+२" सुद्धा दिसतो. विमानतळावर घ्यायला येणाऱ्याला तो दाखवा.

युरोपमार्गे जाणार असाल तर आणखी एक गुंता आहे. युरोपातली घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, अमेरिकेतली वेगळ्या रविवारी. मधल्या काळात, मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेर आठवडाभर, लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यात नेहमीच्या पाचऐवजी चार तासांचा फरक असतो. या काळातलं तिकीट असेल तर जुन्या तिकिटावरून अंदाज बांधू नका.

आणि आता ती चूक, जिच्यामुळे विमान खरोखर चुकतं. मुंबईहून अमेरिका-युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. "१५ जुलै, १.३०" याचा अर्थ १४ तारखेला रात्री जेवून झाल्यावर येणारे दीड. आपल्या बोलण्यात रात्री एक वाजताही आदला दिवसच चालू असतो, आपला दिवस झोपून उठल्यावर बदलतो. विमानकंपनीचा बाराच्या ठोक्याला बदलतो. १५ तारखेच्या संध्याकाळी बॅगा घेऊन निघालेल्या माणसाचं विमान तोवर न्यूयॉर्कला उतरलेलं असतं. उपाय सोपा आहे: कॅलेंडरवर १५ ला खूण करूच नका. १४ तारखेच्या चौकटीत "संध्याकाळी निघणे" असं लिहा.

पायरी ४: थेट की थांबा घेऊन

१९६० मध्ये एअर इंडियाची बोइंग ७०७ विमानं लंडनमार्गे न्यूयॉर्कला जायला लागली. थेट जाणं लांब पल्ल्याची विमानं आल्यावर शक्य झालं आणि २००७ मध्ये एअर इंडियाने मुंबई–न्यूयॉर्क विनाथांबा सेवा सुरू केली. अशा सेवा वेळोवेळी बंद होतात, पुन्हा सुरू होतात, कधी आठवड्यातले ठरावीक वारच असतात. तुमच्या तारखेला थेट विमान नसेल किंवा भाडं परवडत नसेल तर थांबा घ्यावाच लागतो.

थांबा घेतल्याने अंतर किती वाढतं? अगदी थोडं. लंडनमार्गे ७,२१० अधिक ५,५४०, म्हणजे १२,७५० किलोमीटर. दुबईमार्गे सुमारे १२,९५०. थेट अंतरापेक्षा दोन-तीन टक्के जास्त. याचं कारण दोऱ्यातच आहे: ही शहरं त्या वाटेपासून फारशी बाजूला नाहीत. वाढतो तो वेळ, आणि तो हवेत थोडाच वाढतो, जास्त वाढतो तो विमानतळावरच्या खुर्चीत बसून. लंडनमार्गे हवेतले तास साधारण पावणेअठरा, दुबईमार्गे सव्वासतरा. वर थांब्याचे दोन तास असोत नाहीतर अकरा, ते तुमच्या तिकिटावर अवलंबून. म्हणून संकेतस्थळावर तिकिटं भाड्याच्या क्रमाने न लावता एकदा तरी "एकूण कालावधी" या क्रमाने लावून पाहा. पाच हजार रुपये वाचवायला नऊ तास जास्त बसवणारी तिकिटं तिथे उघडी पडतात. विद्यार्थ्याला चालेल. सत्तरीच्या आजोबांना असं बसवू नये.

सिंगापूरमार्गे स्वस्त दिसलं तर आधी गोल काढून बघा. तिथून न्यूयॉर्क जगातल्या सगळ्यात लांब विनाथांबा उड्डाणांपैकी एक आहे, १५,३०० किलोमीटरच्या वर आणि अठरा तासांहून जास्त. मुंबईहून आधी उलट्या दिशेला जाऊन मग ते करायचं म्हणजे एकूण एकोणीस हजार किलोमीटर.

थांबा निवडताना माझा कौल असा. गुडघे दुखत असतील तर प्रवासाचे दोन तुकडे साधारण सारखे पडतील असा थांबा बरा. लंडन किंवा फ्रँकफर्टला पहिला तुकडा नऊ-दहा तासांचा आणि दुसरा आठ-नऊ तासांचा होतो. आखातात उतरलात तर तीन तासांनी उतरायचं आणि मग सलग चौदा तास बसायचं, त्यातही पहिलं विमान पहाटेचं असेल तर झोपेचं खोबरं. पण अबुधाबीचा एक मोठा फायदा आहे. तिथे अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी विमानात चढण्यापूर्वीच होते. डब्लिनलाही ही सोय आहे. न्यूयॉर्कला उतरल्यावर मग लांब रांग नाही, देशांतर्गत प्रवाशासारखं सरळ बाहेर. फक्त त्या तपासणीसाठी थांबा आखूड नको, तीन तास तरी हवेत.

थांबा दीड तासाचा असेल तर मी तिकीट घेत नाही. पहिलं विमान पाऊण तास उशिरा आलं की पुढची सगळी धावाधाव. अडीच ते चार तास हा ज्येष्ठांसाठी बरा पट्टा: शौचालय, चहा, पाय मोकळे करणं, पुढचं गेट शोधणं, सगळं बसतं.

दोन्ही उड्डाणं एकाच आरक्षण क्रमांकावर आहेत ना, हे बघाच. एक तिकीट असेल तर पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकल्यास पुढची व्यवस्था कंपनीने करायची असते आणि बॅगाही शेवटच्या गावापर्यंत जातात. वेगवेगळी दोन तिकिटं स्वस्त पडतात, पण मधे बॅगा घ्या, पुन्हा द्या, आणि विमान चुकलं तर नवीन तिकीट स्वतःच्या खिशातून. मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, तेही तिकिटाआधी तपासा. अमेरिकेचा वैध व्हिसा असला की काही देश सवलत देतात, पण नियम देशागणिक वेगळे आहेत आणि बदलतात, म्हणून त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावरच वाचा. परतीच्या वेळी तुमच्या व्हिसाची मुदत संपलेली असणार असेल तर तेव्हा ती सवलत राहते का, हेही त्याच बैठकीत बघून घ्या.

न्यूयॉर्कहून पुढे शिकागो, डॅलस असं जाणार असाल तर लक्षात ठेवा: अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतरता तिथेच इमिग्रेशन होतं, तिथेच साधारणपणे बॅगा ताब्यात घेऊन कस्टममधून न्याव्या लागतात आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्याव्या लागतात. तिथला थांबा तीन तासांपेक्षा कमी नको.

पुणेकरांसाठी एक पर्याय अनेकदा नजरेआड होतो. पुण्याहून दिल्ली आणि तिथून न्यूयॉर्क. एकूण अंतर सुमारे १२,९०० किलोमीटर, म्हणजे फार काही वाढत नाही, आणि रात्रीचा घाट टळतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र दिल्लीच्या धुक्यात विमानं अडकतात. तेव्हा हा मार्ग घेतलात तर मधे चांगली फुरसत ठेवा.

पायरी ५: घर ते घर, उलटं मोजत या

पुण्यातल्या कोथरूडहून न्यू जर्सीतलं एडिसन धरू. विमान १५ जुलैला १.३० ला. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी, म्हणजे १४ ला रात्री १०.३० ला सहारच्या, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या, टर्मिनल दोनवर. पुण्याहून तिथवर दीडशे किलोमीटर, एरवी साडेतीन-चार तास. जुलै म्हणजे पाऊस, घाटात एखादा ट्रक बंद पडलेला असतोच, मग साडेचार धरा. शुक्रवार संध्याकाळ किंवा लागून सुट्ट्या असतील तर पाच. म्हणजे घराला कुलूप संध्याकाळी सहाला, उशिरात उशिरा. तीन तास आधी हा फार जास्त वाटतो, पण विमान सुटण्याच्या तासभर आधीच सामान घेणारे काउंटर बंद होतात. खरी मुदत ती आहे, दीड नव्हे.

पुढे: उड्डाणाचे सोळा तास. उतरल्यावर चालणं, इमिग्रेशन, बॅगा, कस्टम मिळून दीड ते दोन तास, त्याच वेळी चार मोठी विमानं उतरलेली असली तर जास्त. नेवार्कला उतरलात तर एडिसन पस्तीसेक किलोमीटर, पाऊण तास. केनेडीला उतरलात तर मधे अख्खं शहर आडवं येतं, सकाळच्या वर्दळीत दीड तास सहज. अंतराच्या हिशोबात दोन्ही विमानतळ सारखेच होते, गाडीत बसल्यावर नाहीत. लेक न्यू जर्सीत राहत असेल तर भाड्यात थोडा फरक असला तरी नेवार्क घ्या. क्वीन्स किंवा लाँग आयलंडला राहत असेल तर केनेडी.

बेरीज करा: साडेचार अधिक तीन अधिक सोळा अधिक दोन अधिक पाऊण. सव्वासव्वीस तास, आणि हा थेट विमानाचा सगळ्यात सरळ प्रवास. एक थांबा घेतलात तर एकतीस-बत्तीस होतात. काकू बरोबरच सांगत होत्या. कोल्हापूरहून निघणाऱ्यांनी यात चार तास आणखी धरावेत. त्यांनी आदल्या रात्री मुंबई-ठाण्यात नातेवाइकांकडे मुक्काम केला तर उत्तम.

तिकिटावर मुंबईचा विमानतळ कोणता आहे ते आता आवर्जून वाचावं लागतं. सहारच्या विमानतळाचा सांकेतिक शब्द बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. नागपूर किंवा गोव्याहून मुंबईत येऊन पुढे जाणार असाल आणि पहिलं विमान एका विमानतळावर, दुसरं दुसऱ्यावर असं तिकीट निघालं, तर मधे मुंबईतल्या रस्त्यांवरून तुमची वरात निघेल. न्यूयॉर्ककडेही तसंच: जेएफके म्हणजे केनेडी, ईडब्ल्यूआर म्हणजे नेवार्क.

पायरी ६: तास शरीराला कसे लागतात

जाताना तुमचा तो दिवस साडेतेहतीस तासांचा होतो. सूर्य तुमच्या मागोमाग येत असतो. परतीचा दिवस साडेचौदा तासांतच आटोपतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर "सकाळ-संध्याकाळ" या शब्दांना त्या दिवशी काही अर्थ उरत नाही. निघण्यापूर्वी डॉक्टरांना तिकीट दाखवा आणि किती तासांनी काय घ्यायचं ते भारतीय वेळेने लिहून घ्या. एक साधं घड्याळ पोचेपर्यंत भारताच्या वेळेवरच ठेवायचं. औषधं हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत नकोत.

व्हीलचेअर मागायला लाजू नका. लांब चालवत नसेल तर तिकीट काढतानाच नोंदवा. मोठ्या विमानतळांवर गेट ते गेट अंतर एखाद्या किलोमीटरचंही असतं. शाकाहारी किंवा जैन जेवणही आधीच नोंदवावं लागतं, ऐनवेळी मिळत नाही. दर दोन तासांनी उठून फेरी मारा, त्यासाठी कडेची जागा घ्या. खिडकीतून आइसलँड दिसेल या आशेने आत बसलात तर बाहेर बहुतेक ढगच असतात आणि दर वेळी दोघांना उठवावं लागतं.

सामानातल्या फराळाचाही वेळेशी संबंध आहे. लाडू-चकल्या कस्टमला सांगून टाका, लपवू नका. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ नेऊ नका. हापूसची पेटी सापडली तर ती जाते, वर दंड होऊ शकतो आणि तासभर मोडतो.

पोचल्यावर झोपेचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास या चालीने सरकतं. पहिल्या चार-पाच दिवसांत पहाटे तीनला टक्क जाग येणार. त्या दिवसांत फिरायला जायचे बेत ठेवू नका. परत आल्यावर याहून जास्त त्रास होतो, कारण पूर्वेकडे येताना शरीराला लवकर झोपायचं असतं आणि ते त्याला जमत नाही. लग्नकार्यासाठी भारतात येणाऱ्यांनी मुहूर्ताच्या आदल्या दिवशी उतरणं टाळावं.

निघण्याच्या आदल्या दिवशी विमानाची वेळ पुन्हा तपासा. तिकीट चार महिन्यांपूर्वीचं असेल तर दरम्यान वेळापत्रक बदललेलं असू शकतं, आणि त्याची सूचना ज्याने तिकीट काढलं त्याच्या ईमेलवर जाते, आईवडिलांच्या फोनवर नाही. मग एका कागदावर विमानाचा क्रमांक, कुठल्या विमानतळाहून कुठल्या विमानतळाला, आणि प्रत्येक वेळ दोनदा लिहा: एकदा तिथल्या घड्याळाने, एकदा भारताच्या. तारीख दोन्हींपुढे. एक प्रत प्रवाशाच्या खिशात, एक फोटो घ्यायला येणाऱ्याला, एक मागे राहिलेल्यांना. म्हणजे १५ तारखेला दुपारी "अजून पोचले कसे नाहीत?" असा फोन पुण्याहून एडिसनला जाणार नाही. तेव्हा तिथे जेमतेम पहाट झालेली असते.